लिव्हरच्या आजारात माणूस भ्रमिष्टासारखा वागतो तेव्हा : घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिव्हर सिरोसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) झालेल्या माणसाच्या घरच्यांसाठी आहे. पेशंटने स्वतः वाचलं तर चांगलंच, पण या आजारात वाचून ध्यानात ठेवण्याची ताकदच आधी कमी होते. म्हणून बायको, मुलगा, सून, भाऊ, गावातली आशाताई हे वाचत आहेत असं समजून लिहिते आहे. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या खेड्यांतून येणारे लोक ओपीडीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच इथे घेतले आहेत. औषधांची मात्रा तुमच्या पेशंटपुरती तुमचे डॉक्टरच ठरवतील. इथले आकडे तुम्हाला अंदाज यावा म्हणून दिले आहेत.

बाबा रात्रभर जागे राहतात, दिवसा घोरतात, काल तर सुनेलाच विचारलं, "तू कोण वं?" वेड लागलं का त्यांना?

नाही. सिरोसिसच्या पेशंटमध्ये असं दिसलं तर सगळ्यात आधी लिव्हरमुळे मेंदूवर आलेल्या परिणामाचा विचार करायचा. डॉक्टर त्याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, केसपेपरवर नुसतं "एच. ई." लिहिलेलं असतं. हे वेड नाही, नाटक नाही आणि बाहेरचं काही लागलेलंही नाही. बहुतेक वेळा त्यामागे एखादं ताजं कारण असतं. ते शोधून दूर केलं की तोच माणूस दोन-चार दिवसांत नातवाचं नाव घेऊन हाक मारतो. म्हणूनच वाट पाहत घरी बसू नका, असं मी कळकळीने सांगते.

लिव्हर पोटात आणि बिघडतं डोकं, हे कसं?

आपण खाल्लेल्या अन्नावर आतड्यातले जंतू काम करतात आणि त्यातून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. हा अमोनिया आतड्याच्या रक्तातून थेट लिव्हरकडे जातो. चांगलं लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक आणि गाठाळ झालेलं असतं. त्याला काम झेपत नाही, शिवाय रक्त त्याला वळसा घालून दुसऱ्याच नसांतून पुढे निघतं. अमोनिया मग न गाळलेला मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदूच्या पेशी सुजतात, सुस्तावतात. संडास साफ होण्यावर आम्ही एवढा जोर का देतो, ते यावरून कळेल. अमोनिया तयार होतो तो मुख्यतः आतड्यातच.

हे दारूमुळेच होतं ना? आमचे सासरे तर माळकरी, कधी थेंब घेतला नाही.

दारू हे आपल्याकडचं मोठं कारण आहे, मग ती देशी असो, विदेशी असो की मोहाची. मोहाची घरची असते म्हणून लिव्हरला चालते, असं काही नाही. पण हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, आणि साखर-लठ्ठपणासोबत येणारी लिव्हरची चरबी यांनीही सिरोसिस होतो. त्यामुळे न पिणाऱ्या माणसाच्या माथी दारूचा डाग मारू नका. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे. त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. घरात एकाला हिपॅटायटिस बी निघाला तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावं आणि ज्यांना नाही त्यांनी लस घ्यावी.

सुरुवात घरच्या घरी ओळखता येते का?

येते, आणि डॉक्टरच्या आधी ती घरच्यांनाच दिसते. पहिली खूण म्हणजे झोप उलटी होणे. मग चिडचिड, एकच गोष्ट दहादा विचारणं, पैसे मोजताना चुकणं, सदऱ्याची गुंडी लावताना बोटं न चालणं. शांत माणूस भांडकुदळ होतो किंवा बडबड्या माणूस गप्प बसतो. काहींच्या तोंडाला उग्र, कुबट गोडसर वास येतो.

दोन-तीन गोष्टी करून पाहा. पेशंटला दोन्ही हात समोर सरळ धरायला लावा आणि ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे पंजे वर उचलून ठेवायला सांगा. पंजे थोड्या थोड्या वेळाने आपोआप खाली पडत, पुन्हा वर येत असतील तर ती या आजाराची महत्त्वाची खूण आहे. दुसरं, सहीची वही ठेवा. एका शेतकऱ्याच्या मुलीने वडिलांची रोज सकाळी जुन्या वहीत तारखेसह सही घ्यायला सुरुवात केली. सोमवारची सही ओळीवर होती, गुरुवारी आडनावातली दोन अक्षरं एकमेकांवर चढली होती, शनिवारी नुसत्या रेघा. तिने वही आणून टेबलावर ठेवली तेव्हा मला वेगळं काही विचारावं लागलं नाही. सही येत नसेल तर चांदणी काढायला सांगा. तिसरं, एका मिनिटात जेवढ्या जनावरांची नावं सांगता येतील तेवढी सांगायला लावा. गाय, म्हैस, बकरी, रानडुक्कर, रोही, काहीही चालेल. दहाच्या आत गाडी अडली तर डॉक्टरांना कळवा.

रक्तातला अमोनिया तपासून यायला नागपूरला जावं का?

त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. रक्त काढल्यावर नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो, नाहीतर आकडा खोटा वाढतो. आकडा जास्त आला म्हणून आजार नक्की होत नाही, आणि उपचार आकड्याकडे पाहून नव्हे तर माणसाकडे पाहून करतात. अमोनिया अगदी नॉर्मल आला तर मात्र गोंधळाचं दुसरं कारण शोधावं लागतं, तेवढा त्याचा उपयोग.

दुसरं कारण म्हणजे कोणतं?

साखर एकदम कमी होणे. डोक्याला मार लागून आत रक्त साचणे, कारण असे पेशंट अंधारात पडतात आणि पडल्याचं त्यांना आठवतही नाही. रक्तातलं सोडियम घसरणे. गडचिरोलीकडे तापासोबत गोंधळ असेल तर मेंदूचा मलेरिया, त्यासाठी रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आणि रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली असेल तर दारू तुटल्याचा त्रास. त्यात माणूस घामाघूम होतो, थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, झोपत नाही. लिव्हरच्या गोंधळात तो बहुधा मंद आणि पेंगुळलेला असतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून शेवटची दारू कधी घेतली हे लपवू नका. दवाखान्यात कोणी पोलिसांना कळवायला बसलेलं नसतं.

गेल्या आठवड्यापर्यंत तर बरे होते. एकाएकी कसं वाढलं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला लागणारी माहिती पेशंट दाखल करताना तुम्हीच आम्हाला सांगायला हवी.

पहिलं कारण बद्धकोष्ठ. औषध संपलं, तालुक्याला जायला जमलं नाही, तीन दिवस पोट साफ झालं नाही आणि चौथ्या दिवशी माणूस बरळू लागला. हे इतक्या वेळा घडतं की मी आधी तेच विचारते. दुसरं, रक्तस्राव. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा फुटल्या की रक्ताची उलटी होते किंवा संडास डांबरासारखा काळा, चिकट होतो. आतड्यात साचलेलं रक्त म्हणजे अमोनियासाठी आयता कच्चा माल. काही पेशंट परसाकडे शेतात जातात, त्यामुळे संडासाचा रंग घरात कोणालाच माहीत नसतो. अशा घरी आम्ही काही दिवस डबा किंवा कमोड खुर्ची वापरायला सांगतो.

तिसरं, जंतुसंसर्ग. लघवीचा, छातीचा, आणि पोटात पाणी असेल तर त्या पाण्याचाच. पाण्याच्या संसर्गात ताप किंवा पोटदुखी असेलच असं नाही, नुसता गोंधळ हीच एक खूण असू शकते. म्हणून दाखल केल्यावर सुईने थोडं पाणी काढून तपासतात. "पाणी काढलं की माणूस मरतो" ही समजूत मनातून काढून टाका. तपासायला चार चमचे पाणी लागतं, आणि संसर्ग वेळेवर सापडला तर जीव वाचतो.

मग येतं शरीरातलं पाणी कमी होणं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्यात लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू, त्यात उलटी-जुलाब. पोटॅशियम घसरतं, किडनीवर ताण येतो आणि मेंदू मंदावतो. अशा वेळी लघवीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारा.

आणि झोपेच्या गोळ्या. त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

लॅक्टुलोज नावाचं गोड सिरप दिलं आहे. ते तर बद्धकोष्ठाचं औषध, डोक्याला काय करणार?

तेच मुख्य औषध आहे. लॅक्टुलोज ही न पचणारी साखर आहे. मोठ्या आतड्यातले जंतू ती फोडतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि त्या आम्लामुळे अमोनिया रक्तात न शिरता आतड्यातच अडकतो. मग तो संडासावाटे बाहेर पडतो.

साधारण १५ ते ३० मिली, दिवसातून दोन-तीन वेळा, अशी सुरुवात असते. पण मिलीपेक्षा एक हिशोब पाठ करा : दिवसाला दोन ते तीन मऊ संडास. एकच झाला तर मात्रा वाढवायची, चार-पाच पातळ झाले तर कमी करायची. ही वाढ-घट तुमच्या हातात देण्याजोगी आहे, ती कशी करायची हे सुटी मिळतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत प्रत्येक संडासाची एक उभी रेघ मारा. निरक्षर आजीसुद्धा हे उत्तम करते, आणि पुढच्या भेटीत ते पान फाडून आणलं तर आम्हाला महिन्याचा सगळा हिशोब दिसतो.

सिरप अतिगोड असतं, काहींना मळमळतं. पाण्यात किंवा ताकात मिसळून दिलं तरी चालतं. पोट फुगतं, वारा सरतो, आठवड्याभरात सवय होते. साखरेच्या पेशंटलाही सहसा देता येतं, कारण त्यातलं फारसं रक्तात जात नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पेशंट गुंगीत असेल, हाक मारल्यावर नीट डोळे उघडत नसेल तर तोंडात सिरप, पाणी, दूध काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी दवाखान्यात नळीने किंवा एनिमाने औषध देतात.

आता ते नीट बोलतात, ओळखतात. मग सिरप बंद करू का?

नका करू. बरं वाटलं म्हणून बाटली संपल्यावर दुसरी न आणणं, हे पुन्हा भरती होण्याचं आम्हाला दिसणारं नेहमीचं कारण आहे. दिल्लीच्या डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकदा बरे झालेले पेशंट सरासरी चौदा महिने पाहिले. लॅक्टुलोज चालू ठेवलेल्यांत सुमारे २० टक्के लोकांना पुन्हा गोंधळाचा झटका आला, न घेणाऱ्यांत सुमारे ४७ टक्के लोकांना. सिरप घेत असतानाही पुन्हा झालं तर डॉक्टर सोबत रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा जोडतात. हे आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक आहे आणि ते महिनोन्‌महिने चालतं. महाग पडत असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा, पण संकोचाने मधेच सोडू नका. परवडत नाही हे डॉक्टरांना तोंडावर सांगा, त्यात लाज नाही. काही ठिकाणी एल-ऑर्निथिन एल-अ‍ॅस्पार्टेटची पुडीही देतात. ती जोडीला असते, सिरपच्या बदल्यात नव्हे.

वरण, अंडी, दूध बंद करा असं शेजारच्यांनी सांगितलं. नुसत्या साबुदाण्यावर आणि भाताच्या पेजेवर ठेवलं आहे.

हे कृपा करून आजच बदला. पूर्वी डॉक्टरही प्रथिनं बंद करत, आता तसं करत नाहीत. कारण सोपं आहे : लिव्हर थकलं की अमोनिया साफ करण्याचं बरंच काम मांसपेशी करतात. प्रथिनं तोडली की दंड-मांड्या वाळतात, आणि तो आधारही जातो. पेजेवर ठेवलेला माणूस आणखी गोंधळतो, आणखी वाळतो, संसर्गाला बळी पडतो.

दर किलो वजनाला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. वजन धरताना पोटातल्या पाण्याचं वजन वजा करायचं. आपल्या घरच्या जेवणात ते कसं बसतं पाहा : दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, तुरीच्या घट्ट वरणाच्या दोन मोठ्या वाट्या, मूठ-दोन मूठ फुटाणे, पेलाभर दूध आणि दोन अंडी. एवढ्यात साठीचा आकडा गाठतो. अंडी चालत नसतील तर सोयाबीन वडी किंवा जास्त दही-ताक. वावरात सोयाबीन पिकवणाऱ्या घरातच सोयाबीन ताटात येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. डाळी, दूध, दही यांतली प्रथिनं या पेशंटना मटणापेक्षा जास्त मानवतात, पण मांसाहार मनाई आहे असं नाही.

दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नका. आणि झोपण्याआधी नऊ-दहाच्या सुमारास दूध-भाकर, दशमी, मुरमुरे-फुटाणे असं काहीतरी नक्की द्या. रात्रीचा लांब उपास या लिव्हरला सोसत नाही. शरीर स्वतःच्याच मांसपेशी जाळायला लागतं.

एकादशी, श्रावण सोमवार?

नाही. देवाच्या नावाने उपास घरच्या दुसऱ्या कोणी धरावा. रोजाही नको.

मीठ?

पोटात पाणी किंवा पायाला सूज असेल तर दिवसभराचं सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. लोणचं, पापड, सांडगे, सुकट, खारे फुटाणे बंद. फुटाणे बिनमिठाचे आणा. मीठ कमी केल्याने जेवणच सुटत असेल तर लिंबू, कोथिंबीर, कमी मिठाचा लसूण-मिरचीचा ठेचा वापरून पाहा. अळणी जेवण नको म्हणून उपाशी राहणं जास्त वाईट.

नवऱ्याची छाती बायकांसारखी वाढली आहे, हात लागला तरी दुखते. लाजेने सदरा काढत नाहीत. हे काय?

लिव्हर खराब झालं की शरीरातल्या हार्मोन्सचं गणित बिघडतं, त्यातून पुरुषांच्या छातीत गाठीसारखी वाढ होते. पोटातलं पाणी कमी करायला दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोन या गोळीनेही हे वाढतं, दुखतंही. गोळी स्वतःहून सोडू नका, पाणी परत भरेल. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा बोंडातून रक्त येत असेल तर वेगळी तपासणी हवी. पुरुष ही गोष्ट कधीच आपणहून सांगत नाहीत, त्यामुळे बायकोनेच विषय काढावा.

रात्रभर जागतात, आम्हालाही झोपू देत नाहीत. झोपेची गोळी देऊ का?

कुठल्याही परिस्थितीत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या, झोप आणणारी खोकल्याची औषधं, ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या यांनी हा पेशंट बेशुद्धीत जाऊ शकतो. झोप उलटणं हे आजाराचंच लक्षण आहे, त्यावर इलाज सिरप. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्याने किडनी बिघडते आणि रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत सहसा चालते, पण विचारून. गावात येणाऱ्या डॉक्टरलाही सुई टोचू देण्याआधी "लिव्हरचा पेशंट आहे" हे सांगा.

काविळीचं झाडपाल्याचं औषध, नाकात टाकायचे थेंब, भगताचा अंगारा?

अंगाऱ्याने मनाला धीर मिळत असेल तर कपाळाला लावा, पण त्यापायी एक दिवसही वाया घालवू नका. पोटात घ्यायचा पाला, मुळी, भस्म मात्र नको. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. चांगल्या लिव्हरला जे सोसलं नाही ते सिरोसिसच्या लिव्हरला कसं सोसेल? नाकातल्या थेंबांनी पिवळं पाणी गळतं, ते नाकाचं असतं, काविळीचं नव्हे.

दारू थोडी थोडी कमी केली तर चालेल का?

पूर्ण सोडायची. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात सोडू नये, दारू तुटल्याच्या त्रासाने जिवावर बेतू शकतं. दाखल होऊन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेऊन सोडायची. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, तरी ज्याला सुटत नाही त्याला बंदीत मदत लागतेच. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. टोमणे मारून दारू सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. सोबत बसून जेवल्याने सुटल्याचं पाहिलं आहे.

वावरात जाऊ द्यायचं का?

बरे असतील तर फेरफटका, निंदण, बसून करायचं काम चालेल. चालण्याने मांसपेशी टिकतात. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, विहिरीवरची मोटार नको. एकदा झटका येऊन गेलेल्याची प्रतिक्रिया मंद असते, ती त्याला स्वतःला कळत नाही. आणि फवारणी अजिबात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट शेतकरी दगावले. गोंधळलेल्या माणसाच्या हाती औषधाचा पंप देऊच नका. पैशाचे व्यवहार, कर्जाच्या कागदांवर सह्या हेही तो पूर्ण ताळ्यावर असतानाच आणि घरच्या कोणासमोर.

हे कायमचं बरं होतं का?

झटका बरा होतो, सिरोसिस राहतो. एकदा झटका येणं म्हणजे लिव्हर बरंच थकल्याची खूण, म्हणून त्याच वेळी डॉक्टरांना लिव्हर बदलण्याबद्दल विचारा. नागपुरात यकृत प्रत्यारोपण होतं, आणि मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठीची नोंदणी तिथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत होते. घरचा माणूस लिव्हरचा भागही देऊ शकतो. खर्च मोठा आहे, प्रत्येकाला जमणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यातलेही सिरप, जेवण आणि दारूमुक्ती सांभाळून चांगले दिवस काढताना मी पाहते आहे.

लगेच निघायचं कधी, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर?

रक्ताची उलटी, काळा संडास, हाक मारूनही न उठणं, ताप, लघवी बंद होणं, आकडी (फिट) येणं, डोक्याला मार. यांतलं एकही असलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. तोपर्यंत पेशंटला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. ग्लुकोमीटर असेल तर साखर पाहा. आशाताईकडे किंवा उपकेंद्रात मलेरियाची तपासणी होते.

पुरात गाव तुटतं अशा ठिकाणी जूनच्या आधीच सिरपच्या दोन जादा बाटल्या घरात ठेवा, आणि सौम्य खूण दिसताच, म्हणजे झोप उलटली, सही बिघडली, त्याच दिवशी तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे नेऊन ठेवा. एका पिशवीत शेवटचा डिस्चार्ज कागद, चालू गोळ्यांची पानं, आधार आणि रेशन कार्ड, कॅलेंडरचं पान भरून दाराजवळ टांगून ठेवा. आधार-रेशन कार्ड जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर लागतं, आणि गोळ्यांची पानं पाहिली की रात्रपाळीच्या डॉक्टरला निम्मी माहिती तिथेच मिळते.